हात निजतो, माणूस जागा राहतो

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर हुंगवून भूल दिली आणि शस्त्रक्रियेतल्या किंकाळ्या थांबल्या. पण दुखणे हाताचे असताना सारा देह का निजवायचा? थकलेल्या हृदयाला, दमेकरी छातीला ती गाढ झोप पेलतेच असे नाही.

उत्तराची वाट 1884 मध्ये सापडली. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी फक्त डोळा बधिर केला. लगोलग न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेडने ते औषध मज्जातंतूपाशी टोचले. मज्जातंतू बधिर झाला, की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. प्रयोग त्याने स्वतःवरही केले आणि कोकेनचे व्यसन जडले. 1911 मध्ये जर्मनीत कुलेनकाम्फने मानेच्या बुडाशी सुई घालून स्वतःचाच हात बधिर केला. पण सुई अंदाजाने जाई, फुफ्फुसाला टोचण्याची धास्ती असे. 1994 मध्ये व्हिएन्नाच्याच डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत ती नेमकी नेऊन दाखवली.

धोका आजही शून्य नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. पण घरातल्या थकल्या जिवाच्या हाता-पायाचे ऑपरेशन ठरले, तर भूलतज्ज्ञांना जरूर विचारा : तेवढ्याच भागाला भूल देऊन भागेल का? त्या एका प्रश्नामागे अनेकांनी सोसलेली किंमत आहे.