अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचे पदवर्गीकरण

अंगणवाडी सेविका व मदतनीस ही भारतातील एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील सर्वांत खालच्या स्तरावरील मानसेवी पदे आहेत. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. प्रकल्पाचे प्रमुख बालविकास प्रकल्प अधिकारी व त्यांच्या हाताखालील पर्यवेक्षिका यांना शासकीय वेतनश्रेणी लागू असते. सेविका व मदतनीस यांना मात्र वेतनाऐवजी मानधन मिळते. पूरक पोषण आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण व बालकांच्या वाढीच्या नोंदी ही कामे त्यांच्यामार्फतच चालतात. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने सेविकांचे मानधन दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसांचे २,२५० रुपये केले. अनेक राज्ये त्यात स्वतःची भर घालतात.

'कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी' (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका शासकीय पद धारण करत नाहीत, असा निर्णय दिला. २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दोघींनाही लागू असल्याचे ठरवले. या कायद्यापुरते मानधन हे वेतनच मानले गेले. त्यामुळे शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा नसतानाही त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला.