उमाजी नाईक यांची फाशी : न्याय आणि दहशत

अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशात, मोंटाना येथे, १८६३-६४ मध्ये परिणामकारक न्यायव्यवस्थेच्या अभावी नागरिकांच्या स्वयंघोषित समित्यांनीच संशयितांना फासावर चढविले. पुण्यात मात्र त्यापूर्वीच इंग्रजांचे न्यायालय स्थापन झालेले होते. किल्ल्यांच्या रखवालीचे हक्क गमावलेल्या रामोशी समाजाचे नेते उमाजी नाईक यांच्यावर रीतसर खटला चालवून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर जरब बसविण्यासाठी मृतदेह तीन दिवस पिंपळाला टांगण्यात आला. शिक्षा फाशीनेच पूर्ण झाली होती. पुढील तीन दिवस केवळ पाहणाऱ्यांसाठी होते. न्यायालयाच्या अस्तित्वाने दंड दहशतमुक्त होतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. तथापि खडकमाळ आळीतील मामलेदार कचेरीच्या आवारातील ती जागा कालांतराने उमाजींचे स्मृतिस्थळ बनली.