साताऱ्याच्या हायस्कुलाचं धारवाडी कूळ

साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एका नोंदीमुळे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, म्हणजे तेव्हाचा नऊ वर्षांचा भिवा, इथे इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरात 1914 या क्रमांकासमोर त्यांची सही आहे. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

या नोंदीचं मूळ मात्र मला धारवाडला सापडलं. जून 1856 मध्ये एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला : फी भरायची तयारी असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळत नाही. सरकारने नकार दिला. एका मुलापायी शाळा बाकीच्यांच्या उपयोगाची राहणार नाही, हे त्याचं कारण. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला ते पटलं नाही. अखेर 1858 मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं, की निव्वळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. लोकवर्गणीवरच्या शाळांना ही सक्ती नव्हती. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढच्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच प्रकरण मांडलं.

आता साताऱ्याच्या शाळेचं तेव्हाचं नाव पाहा : सातारा गव्हर्नमेंट हायस्कूल. माझ्या मते भिवासाठी दार उघडलं ते या ‘गव्हर्नमेंट’ने. कुणी श्रेय छत्रपती प्रतापसिंहांच्या विद्याप्रेमाला देतात. पण त्यांना 1839 मध्येच पदच्युत केलं होतं आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं ते पुढे. कुणी सुभेदार रामजींच्या जिद्दीकडे बोट दाखवतात. हा दावा भक्कम आहे. लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेला बाप मुलाला घरी बसू देणारा नव्हताच. पण फी घेऊन दाराशी उभं राहण्याची जिद्द धारवाडच्या अर्जदाराकडेही होती. मधल्या काळात बदलला तो नियम. पुढे मुंबईतही भिवाचं शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कुलात झालं, तेही सरकारीच. हा योगायोग मी मानत नाही.

नियमाचा हात मात्र पटापर्यंतच पोचला. वर्गात भिवाला वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. झाडणारा गडी ते गोणपाट शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी.

म्हणून विद्यार्थी दिनाच्या भाषणांत साताऱ्याबरोबर धारवाडचंही नाव घेतलं पाहिजे. त्या मुलाच्या अर्जाने नियम घडला आणि त्या नियमावर भिवाची सही उमटली.