लोहाराचा भाता आणि नियंत्रणविद्या

आमच्या लोहारा या कसब्याच्या नावातच ज्या कारागिराची आठवण आहे, त्याच्या भट्टीपुढे क्षणभर उभे राहिले, म्हणजे नियंत्रण अभियांत्रिकीचे मूलतत्त्व समीकरणावाचून ध्यानी येते. लोखंड अजून तांबडे आहे की नारिंगी झाले, हे पारखून लोहार भाता ओढणाऱ्या पोराला जोर वाढविण्याची वा थांबण्याची खूण करतो. फळ पाहून क्रियेला वळण देण्याच्या या व्यवहारालाच शास्त्राच्या परिभाषेत प्रत्याभरण म्हणतात.

१८६८ साली मॅक्सवेलने यंत्रांच्या गतिनियामकांवरील निबंधात या व्यवहाराच्या स्थैर्याचा गणिताने विचार केला, १९३२ साली नायक्विस्टने स्थैर्याची नवी कसोटी दिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत स्थिरावली.

लोहाऱ्याचा मुलूख तोवर निजामाच्या अंमलाखाली होता. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९२९ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हा तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते; १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला आणि १९६० साली औरंगाबादेस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले, तेव्हा माध्यम इंग्रजी झाले. दरबार बदलला, भाषा बदलली. परंतु नियंत्रणविद्या शिकणाऱ्याच्या वाट्याला बहुधा फळ्यावरची समीकरणे आणि कागदावरचे आलेखच येत राहिले, तप्त लोखंड आले नाही.

म्हणूनच पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले एक लहानसे साधन मला लोहाराच्या भट्टीचे वंशज वाटते. त्यात एक लोखंडी पट्टी असते, तिच्यापासून सुमारे साडेतीन मिलिमीटरवर तापणारी नायक्रोमची तार असते, आणि पट्टी निवविण्यास संगणकातला छोटा पंखा असतो. पट्टीचे तापमान ठरल्या अंशावर राखणारा नियम विद्यार्थ्याने स्वतः रचावा, पंख्याचा वेग बदलून त्याची परीक्षा घ्यावी, आणि हे सर्व दूरच्या गावी बसूनही इंटरनेटद्वारा, अपरात्रीसुद्धा करता यावे, अशी ही योजना.

विद्युत्प्रवाह घटविल्यावरही पट्टी काही क्षण तापतच राहते, हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याला कालविलंबाचे समीकरण पाठ करावे लागत नाही. भाता आवरण्यास उशीर झाला की लोखंड जळते, हे लोहाराच्या पोराला जसे कुणी सांगावे लागत नाही. विद्यापीठांनी आधी हाताला काम द्यावे, मग वहीला समीकरण, हाच क्रम मला न्याय्य वाटतो.