विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी : गोपनीयता आणि अधिकार

महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी केवळ गुणपत्रक देत नाही. जन्मतारीख, जात, पालकांचे उत्पन्न, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, बँक खाते आणि आधार क्रमांकही तो कार्यालयाच्या स्वाधीन करतो. पुढे त्यात निकाल, शिष्यवृत्ती आणि शिस्तभंगाच्या कारवाईची भर पडते. अमेरिकेत अशा नोंदींसाठी १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे. भारतात तसा कायदा नसल्याने विद्यार्थ्याला अनेक कायद्यांचा आणि न्यायनिर्णयांचा आधार घ्यावा लागतो.

नोंदी कोठे असतात?

आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. १९९० पूर्वी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे जुन्या पदवीधरांच्या परीक्षेची नोंद पुण्यात, तर प्रवेशाची नोंद मूळ महाविद्यालयात शोधावी लागते.

अशा जुन्या नोंदींना खानदेशात विशेष मोल आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना वडील-आजोबांच्या शालेय रजिस्टरमधील नोंद महत्त्वाचा पुरावा ठरते. म्हणूनच नोंद त्रयस्थापासून जपणे जितके आवश्यक, तितकेच ती संबंधित कुटुंबाला उपलब्ध होणेही आवश्यक आहे.

स्वतःची नोंद, दुसऱ्याची नोंद

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात मान्य केला. मात्र उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जात असल्याने अर्ज वेळेत करावा लागतो.

दुसऱ्याची नोंद मागितल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(१)(ञ) आड येते. त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करण्यापूर्वी कलम ११ नुसार त्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पदवी व गुण ही वैयक्तिक माहिती असल्याचे म्हटले. याउलट, सरकारी पदाच्या भरतीतील उमेदवारांचे गुण पारदर्शकतेसाठी देता येतील, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला होता. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) अधिक कठोर झाले असून वैयक्तिक माहितीला सरसकट संरक्षण मिळाले आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे.

पालकांचे स्थान

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. त्यामुळे अकरावी-बारावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांच्या संमतीचा प्रश्न येतो, तर पदवीच्या सज्ञान विद्यार्थ्याची संमती त्याची स्वतःचीच असते. माहिती पाहणे, दुरुस्त करून घेणे आणि अनावश्यक माहिती पुसून घेणे हे अधिकारही या कायद्यात आहेत. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे.

व्यवहारातील दक्षता

गोपनीयतेचा भंग बहुधा निष्काळजीपणातून होतो. सूचना फलकावरील यादीत नावासमोर भ्रमणध्वनी क्रमांक छापला गेला, तर विद्यार्थिनींना त्याचा सर्वाधिक उपद्रव होतो आणि एखाद्या मुलीचे शिक्षणही थांबू शकते. गुणवत्ता यादीसाठी प्रवर्ग व गुण आवश्यक असतात. पत्ता व दूरध्वनी नव्हे.

स्वतःच्या नोंदीसाठी शासकीय वा अनुदानित महाविद्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी.