मत्स्यविनोदांतील गळ व इंद्रायणीकांठचे शब्द

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेला मानसोल्लास ग्रंथ संशोधकांस सुपरिचित आहे. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ साली निघाला. पाकविधि व संगीत यांसाठी त्याचा उपयोग पुष्कळांनी केला. त्यांतील मत्स्यविनोद हें गळाने मासे धरण्याचें प्रकरण मात्र मागे राहिलें. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने त्याचा विचार केला. भाषेच्या दृष्टीने तो अद्याप व्हावयाचा आहे.

गळ कसा असावा हें माशाचा स्वभाव ठरवितो. कोंकणांत ज्यास माकूल म्हणतात तो जीव आमिष गिळीत नाही, सोंडांनी कवटाळतो. म्हणून त्याचा गळ निराळा: रंगीत कांडीच्या तळाशी बिनकाट्याच्या अणकुचींचें कडें असतें, आमिष लावीत नाहीत, रात्रीं दिव्याच्या उजेडांत दोरी वरखाली हालवितात आणि माकूल अडकतांच ती ढिली पडूं न देतां ओढून घेतात. नदींतील मासा तोंडाने आमिष घेतो. म्हणून सोमेश्वराने काठी, दोरी व गळ यांबरोबर निरनिराळ्या माशांच्या आमिषाचाही विचार केला आहे. अर्थात् मासा ओळखल्यावाचून त्या प्रकरणाचा अर्थ लागत नाही.

अडचण येथेच आहे. सुमारे ३५ माशांचीं जीं नांवें तेथे येतात, त्यांतील पुष्कळ देशी असावींत असें आम्हांस वाटतें. अशा नांवांवर लेखकांचे हस्तदोष लवकर चढतात व कोशांचें साहाय्य थोडें मिळतें. शुद्ध पाठ ठरविण्यास नदीकांठची बोली हेंच साधन उरतें.

तें साधन किती टिकाऊ असतें याचें प्रमाण कर्नल साइक्स याने ठेविलें आहे. १८२४ पासून दक्षिणेंत माहिती गोळा करीत असतां त्याने माशांचीं मराठी नांवें ऐकलीं, व १८३९ मध्ये तींच शास्त्रीय नांवांत घातलीं. 'सीनघाला' हा आपला शिंगाळा. 'कोलस', 'रोहटी' हीं नांवें त्याच मार्गाने जगभर गेलीं.

देहू, मोशी, आळंदी या गांवांवरून तुळापुरास भीमेला मिळणारी इंद्रायणी आज पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्या कारखान्यांमधून वाहते. आळंदीस पाण्यावर फेस तरंगलेला अलीकडे अनेकदा दिसला आहे. मासे गेले कीं गळ जातो, आणि गळाबरोबर त्याचे शब्दही जातात; पोथी मात्र कपाटांत सुरक्षित राहून मुकी होते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, इंद्रायणी-भीमेच्या कांठीं पोथ्यांचा शोध घेतांना भोई व कोळी वृद्धांकडून मासे, आमिषें, दोऱ्या व डोह यांचीं नांवें, उच्चार जसाचा तसा ठेवून, टिपून घ्यावींत. अशी एक यादीही मत्स्यविनोदाच्या पाठनिर्णयास एखाद्या नव्या हस्तलिखिताइतकी उपयोगी पडेल.