ताड : पालघर किनाऱ्यावरील वाड्यांचा उपेक्षित वृक्ष

चैत्र-वैशाखाच्या उन्हात पालघर, बोईसर आणि डहाणू परिसरात टोपल्यांतून विकले जाणारे ताडगोळे मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. ते ज्या झाडावर लागतात त्याविषयी मात्र शहरात फारशी माहिती आढळत नाही. नारळाचे झाड तो माड; त्याचे पान पिसासारखे लांब. ताडाचे पान पंख्यासारखे गोल आणि खोड काळसर, सरळसोट. तिसरी शिंदी, म्हणजे रानखजूर, पडीक जमिनीवर आपोआप उगवणारी. खुर्च्या आणि टोपल्यांचा वेत हाही वस्तुतः याच कुळातला; पण तो दमट जंगलात दुसऱ्या झाडाच्या आधाराने चढतो. पावसाळा सरला की आठ महिने कोरडे जाणाऱ्या पालघरच्या किनाऱ्यावर पाण्याची सोय असल्याखेरीज त्याचा निभाव लागणे अवघड. म्हणूनच केळवे-माहीमपासून तारापूर-चिंचणीपर्यंत वाडीच्या कडेला आणि भातखाचराच्या बांधावर उभा दिसतो तो ताड.

शास्त्रीय परिभाषेत बोरासस फ्लॅबेलिफर या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष तीस मीटरपर्यंत उंच जातो आणि शंभर वर्षे सहज जगतो. खोड रुंदावत नाही, फांद्या फुटत नाहीत, सावली जेमतेम पडते. त्यामुळे बांधावर दहा ताड असले तरी खालच्या पिकाचे फारसे नुकसान होत नाही. एवढी कमी जागा अडवून एवढे देणारे दुसरे झाड किनाऱ्यावर शोधूनच काढावे लागेल.

तरीही ताड मुद्दाम लावणारा शेतकरी विरळा. याचे कारण झाडाच्या स्वभावातच आहे. बी रुजले की त्यातून निघणारा कोंब वर न येता आधी सरळ जमिनीत खोल उतरतो आणि रोपाची खरी सुरुवात तेथे होते. पहिले पान वर दिसायला कित्येक महिने जातात. रोप उपटून दुसरीकडे लावायचे तर हा खोलवर गेलेला भाग तुटतो व रोप मरते. म्हणून बी कायमच्या जागीच पेरावे लागते. पुढे अनेक वर्षे नुसती पानेच, खोडाचा पत्ता नाही. पहिला फुलोरा येण्यास बारा ते वीस वर्षे लागतात आणि तोवर झाड नर की मादी हेही कळत नाही. फळे फक्त मादीला. पन्नाशीतल्या माणसाने बी पेरले, तर ताडगोळे बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या हाती. आज बांधावर दिसणारे मोठे ताड आजोबा-पणजोबांच्या काळातले, किंवा आपोआप रुजलेले आणि कोणी न तोडल्यामुळे वाचलेले आहेत.

झाडाचे दुसरे उत्पन्न म्हणजे रस. फुलोरा बांधून, हलकेच ठेचून त्याचे टोक दररोज पातळ कापले जाते आणि खाली मडके अडकवले जाते. मडक्याला आतून चुना लावलेला असेल आणि रस सूर्योदयापूर्वी उतरवला, तर मिळते ती गोड नीरा. चुना नसेल तर काही तासांतच रस आंबून त्याची ताडी होते. नीरा आटवली की ताडगूळ. नर झाडाचा उपयोग केवळ रसासाठीच. मादीचा फुलोरा मात्र छेदला की त्यावर ताडगोळे धरत नाहीत. म्हणजे रस की फळ, याचा निर्णय मालकाला हंगामाआधीच करावा लागतो. शिंदीची रीत निराळी. तिचे खोड शेंड्याजवळ तासतात, दरवर्षी आलटून पालटून बाजू बदलतात आणि त्या खाचांवरून झाड किती वर्षे छेदले गेले ते मोजता येते. बंगालचा प्रसिद्ध नोलेन गूळ याच झाडाचा, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

ताडाखाली बसून दूध प्याले तरी ताडीच प्याल्याचा आळ येतो, अशा अर्थाची म्हण आहे. झाडाच्या या बदनामीत सरकारचाही वाटा आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर परवान्याचे आणि झाडामागे कराचे ओझे आले. पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करणाऱ्या भंडारी समाजाला त्याचा मोठा फटका बसला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे शहरांतील ताडीत क्लोरल हायड्रेटसारख्या घातक रसायनांची भेसळ होऊ लागली आणि उरलीसुरली प्रतिष्ठाही गेली. दोष भेसळ करणाऱ्यांचा, नाव मात्र झाडाचे खराब झाले.

वारली पाड्यांवर या झाडाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे. तारपा या वाद्यात दुधी भोपळा आणि बांबू यांच्याबरोबर ताडाच्या पानाचा कर्णा असतो, तर वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस हमखास भेटतो. ताड पाकोळी हा चिमुकला पक्षी आपले घरटे ताडाच्या पानालाच चिकटवतो. झाडे गेली की त्याचा निवाराही जातो.

ताडगुळाला ग्रामोद्योगाचे स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न गांधीजींच्या प्रेरणेने १९३० च्या दशकातच सुरू झाला. गजानन नाईक हे त्या कामातील प्रमुख कार्यकर्ते. जून २०२० मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने डहाणू येथे नीरा व ताडगूळ प्रकल्प सुरू करून २०० स्थानिक कारागिरांना प्रशिक्षणानंतर प्रत्येकी पंधरा हजार रुपयांची साधने दिली. त्यांत कढई, साचे, शेगडी, सुऱ्या आणि दोर होते. उपक्रम योग्य दिशेचाच म्हणावा लागेल. परंतु तो उभ्या झाडांवर अवलंबून आहे, नवी झाडे लावण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय तीस मीटर उंचीवर दोराच्या आधाराने चढण्याची जोखीम पत्करण्यापेक्षा तारापूरच्या कारखान्यातली पाळी तरुणांना बरी वाटली, तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत.

दरम्यान जमिनीची मागणी वाढतच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. वाड्यांचे भूखंड होतात तेव्हा बांध पहिले सपाट होतात आणि बांधाबरोबर ताडही. तमिळनाडूत ताड हा राज्यवृक्ष आहे. तेथील सरकारने २०२१ मध्ये ताड तोडण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली आणि ७६ लाख ताडबिया वाटण्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्राने त्यातून निदान बिया वाटण्याचा भाग उचलण्यास हरकत नसावी.

ज्यांची गावाकडे वाडी शिल्लक आहे त्यांना एवढे करता येईल : पिकून गळालेली फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात गोळा करून, गर काढून, बिया बांधाच्या कडेला, कायमच्या जागीच पुराव्यात. नर-मादी आधी ओळखता येत नसल्याने लागतील त्याहून अधिक बिया लावाव्यात. पहिली काही वर्षे ताड गवतातल्या पात्यांसारखा दिसतो. पावसाळ्यानंतर बांध साफ करताना तो विळ्याखाली जाऊ नये म्हणून शेजारी एक खुंटी ठोकून ठेवावी.